जुन्या गाडीच्या इंजिनातून येणारा जड ठोका : इंजिन खोलण्यापूर्वी काय काय तपासावे?

जुनीचारचाकी (धागाकर्ता)

नमस्कार. माझी गाडी पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर असलेली आहे. तिला तीस वर्षे होत आली असून मीटरवरचा आकडा १,८०,००० किलोमीटरच्या पुढे गेला आहे. गेल्या दोन महिन्यांपासून इंजिन गरम झाल्यावर, गाडी उभी असताना, इंजिनाच्या पुढच्या बाजूने खालून जड असा ‘ठक ठक’ आवाज येतो. सकाळी गाडी चालू केल्यावर तो जवळजवळ नसतोच. पाच-सात किलोमीटर चालवून कुठे थांबलो की ऐकू येऊ लागतो. आवाज सुरू झाल्यावर मी ट्यूनिंग करून घेतले. प्लग आणि पॉइंट बदलले, टायमिंग लाइट लावून टायमिंग (म्हणजे प्लगमध्ये स्पार्क केव्हा पडावा ते) सेट केले. आवाज तर गेला नाहीच, उलट त्यानंतर पिकअप कमी झाला, एरवी तिसऱ्या गिअरवर चढणाऱ्या चढाला दुसरा गिअर टाकावा लागतो आणि तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर राहतो.

दोन ठिकाणी दाखवले. एका ठिकाणी अर्धा मिनिट ऐकून ‘बिग एंडचे (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे) बेअरिंग गेले आहे, इंजिन खोलावे लागेल’ असे सांगितले, तर दुसऱ्या ठिकाणी ‘टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) वाजतात, चालू द्या’ असे उत्तर मिळाले. ही गाडी वडिलांनी घेतली होती आणि मी चालवायला शिकलो तो याच गाडीवर, त्यामुळे तिचे इंजिन विनाकारण उघडले जाऊ नये असे मनापासून वाटते. पण बेअरिंग खरोखरच गेले असेल, तर हट्टाने चालवून क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) खराब करून घेण्याचीही इच्छा नाही. इंजिन न खोलता हा आवाज कशाचा आहे हे कितपत ठरवता येते?

पानापेटी

माझी तीसेक वर्षे इंजिने खोलण्यात आणि बसवण्यात गेली, त्या अनुभवावरून लिहितो. बऱ्याच अंशी ठरवता येते, पण त्यासाठी आवाजाला नाव देण्याआधी त्याची सवय टिपून घ्यावी लागते. ‘ठक ठक’, ‘टिक टिक’, ‘खर खर’ हे शब्द ज्याच्या-त्याच्या कानाप्रमाणे बदलतात. आवाज थंडपणी मोठा असतो की गरम झाल्यावर, इंजिनाच्या किती फेऱ्यांमागे एकदा येतो, रेस केल्यावर, रेस सोडल्यावर आणि भार पडल्यावर त्याचे काय होते, या गोष्टी मात्र कोणीही तपासल्या तरी सारख्याच निघतात.

तापमानापासून सुरुवात करतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि तापल्यावर तो लोखंडी सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो, त्यामुळे झिजलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन आडवा आपटण्याचा आवाज थंड इंजिनात मोठा असतो आणि इंजिन तापत जाते तसा विरतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग फुंकत असेल, तर तेही थंडपणी टिकटिकते आणि धातू फुगून फट बुजली की गप्प होते. हाच आवाज टॅपेटचा समजून हेडवरचे कव्हर उघडल्याची उदाहरणे मी कितीतरी पाहिली आहेत. बेअरिंगचे गणित याच्या उलट आहे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट भरून काढतो तो ऑइलचा थर, आणि ऑइल गरम होऊन पातळ झाले की त्या थराला मार सोसत नाही; म्हणून बेअरिंगचा ठोका गरम झाल्यावर वाढतो. तुमचा आवाज गरम झाल्यावरच येतो, तेव्हा बेअरिंगचा संशय घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पण गरम झाल्यावर रबर मऊ पडते आणि चोक सुटून इंजिनाचा वेगही खाली येतो, त्यामुळे एवढ्या एका लक्षणावर इंजिन खोलणे घाईचे होईल.

दुसरी गोष्ट मोजणीची. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) एक फेरी होते. आयडलिंग ८०० आरपीएम (मिनिटाला ८०० फेऱ्या) असेल, तर क्रँक सेकंदाला १३ पेक्षा थोड्या जास्त फेऱ्या मारतो आणि कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या. कानाने हे मोजणे कठीण, पण फोनवर दहा सेकंद ध्वनिमुद्रण करून लहरीचे शेंडे मोजले तर फरक स्वच्छ दिसतो : १३३ च्या आसपास शेंडे आले तर आवाज क्रँकच्या वेगाने पडतो आहे, ६६-६७ आले तर कॅमशाफ्टच्या. येथे एक सावधगिरी हवी. एकाच सिलिंडरच्या ज्वलनामुळे बसणारा ठोकाही दोन फेऱ्यांतून एकदाच जोराने पडतो, म्हणून निम्म्या वेगाचा प्रत्येक आवाज टॅपेटचाच असेल असे नाही. उलट बाजूने मात्र खात्री जास्त आहे, कारण दर फेरीला नियमाने पडणारा ठोका एकट्या सैल टॅपेटचा असू शकत नाही. फोनचा माइक खालच्या पट्टीतला जड आवाज दाबतो आणि टिकटिक पुढे आणतो, तेव्हा मुद्रण मोजण्यापुरतेच वापरा, त्यावरून आवाज कशाचा ते ठरवू नका.

सगळ्यांत आधी ऑइलचा दाब मोजा आणि तो कळेपर्यंत गाडी चालवू नका. डॅशबोर्डवरचा लाल दिवा येथे पुरेसा नाही, कारण बहुतेक गाड्यांत तो दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आल्यावर लागतो, आणि तोपर्यंत बेअरिंगचे नुकसान होऊन गेलेले असते. दाबाचा स्विच काढून त्याच भोकात काट्याचा गेज बसवावा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर वाचन घ्यावे. दर १,००० फेऱ्यांमागे सुमारे ०.७ बार हा जुना ढोबळ हिशेब आहे. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात नेमका आकडा असेल तर तोच प्रमाण धरा.

टॅपेट

टॅपेटबद्दल थोडे सांगते, कारण ‘टॅपेट वाजतात, चालू द्या’ हा सल्ला फार सहज दिला जातो. स्क्रू आणि नट असलेल्या जुन्या पद्धतीच्या टॅपेटमध्ये गॅप ठेवावाच लागतो. अनेक पेट्रोल इंजिनांत तो ०.१५ ते ०.३० मिलिमीटरच्या दरम्यान असतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो म्हणून बहुधा त्याचा गॅप इनटेकपेक्षा मोठा ठेवतात. गॅप वाढला की टिकटिक येते, पण इंजिनाला त्याचा त्रास हळूहळू होतो. गॅप कमी झाला तर आवाज अजिबात येत नाही आणि नुकसान मात्र मोठे होते. व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकला नाही, तर त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि त्याची कड जळते. म्हणून वाजणारे टॅपेट कानाच्या अंदाजाने आवळून गप्प करणे हा मला सर्वांत घातक उपाय वाटतो. फटीत घातलेली फिलर गेज (ठरलेल्या जाडीची पातळ पट्टी) हलकीशी अडत सरकली पाहिजे, एवढाच निकष धरावा.

तुमचे वर्णन जड, खालून येणाऱ्या ठोक्याचे आहे. टॅपेटचा आवाज वरून येतो आणि बारीक असतो, शिवाय रेस वाढवली की त्याची लय तेवढीच जलद होते. त्यामुळे दुसऱ्या ठिकाणचे उत्तर मला पटत नाही.

सावकाश_चालक

माझा अनुभव धाग्यातल्या प्रत्येकाने वाचावा असे वाटते, म्हणून लिहितो. माझ्या आधीच्या गाडीत असाच ठोका होता. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना तो येत नसे. ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल केला, म्हणजे इंजिन ना ओढते आहे ना रोखते आहे अशा अवस्थेत, सुमारे २,५०० आरपीएमला ‘टर्र’ अशी झटपट ठोक्यांची माळ यायची आणि पुन्हा पाय दिला की जायची. ऑइलचा दिवा कधी लागला नाही, म्हणून मी निश्चिंत राहिलो. ऑइल बदलणाऱ्याने जुन्या ऑइलमध्ये चकाकी असल्याचे सांगितले होते, तेही मी मनावर घेतले नाही. त्यानंतर सुमारे ६०० किलोमीटरनी कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या बाजूला भोक पडले. त्या आठवड्यात खोलले असते तर बेअरिंगचे कप बदलून आणि क्रँक ग्राइंड करून ते इंजिन वाचले असते.

धागाकर्त्यांनी ऑइल फिल्टर काढून कापून पाहावा. आतला कागद उलगडून उन्हात धरला की धातूचे कण दिसतात. चुंबकाला न चिकटणारी रुपेरी चकाकी बेअरिंगच्या वरच्या थराची असू शकते, आणि तांबूस कण दिसले तर झीज खालच्या थरापर्यंत गेली असे समजावे.

पानापेटी

सावकाश_चालक यांनी सांगितलेली पाय सैल करण्याची खूण बिग एंडसाठी फार मोलाची आहे. भार असताना रॉड एका बाजूला दाबून धरलेला असतो, रोखताना दुसऱ्या बाजूला. मधल्या क्षणी तो मोकळा होऊन फटीत दोन्हीकडे आपटतो. धागाकर्त्यांनी हे जागेवरच, न्यूट्रलमध्ये रेस वाढवून आणि सोडून तपासावे.

त्यानंतर एकेक सिलिंडर बंद करून ऐका. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिचे टोक ब्लॉकला नीट टेकेल अशी सोय करा आणि मग इंजिन चालू करून ऐका. चालू इंजिनाची प्लग वायर हाताने ओढू नये. डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या गाडीतही तिथे हजारो व्होल्ट असतात. ज्या सिलिंडरचा रॉड वाजत असेल, त्याचे ज्वलन थांबले की ठोका एकदम हलका होतो. पिस्टनची गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) सैल असेल, तर उलट एकाच्या जागी दोन ठोके ऐकू येऊ शकतात. मेन बेअरिंगचा (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचा) आवाज एका सिलिंडरने फारसा बदलत नाही. टॅपेटला ज्वलनाशी देणेघेणे नसल्यामुळे तो होता तसाच राहतो.

ज्यांच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे त्यांनी प्लग नव्हे, त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढावा, नाहीतर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो.

डिझेलप्रेमी

वरच्या चाचणीत डिझेलवाल्यांसाठी एक धोक्याची सूचना जोडतो. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनात इंजेक्टरच्या पाइपाचा नट थोडा सैल करून सिलिंडर बंद करण्याची पद्धत आहे, आणि खराब नोझलचा ठोका तसा पकडताही येतो. तो ऐकायला हुबेहूब बेअरिंगसारखा असतो. कॉमन रेल इंजिनात मात्र हे कधीही करू नये. तेथे रेलमधला दाब १,००० बारच्या पुढे जातो आणि बारीक धारेने डिझेल कातडीतून आत शिरते. वरून जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी ती तातडीने शस्त्रक्रिया लागणारी दुखापत असते. अशा इंजिनात स्कॅनरने किंवा कनेक्टर काढूनच सिलिंडर बंद करावा.

जुनीचारचाकी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे गाडी जागेवरच ठेवली आणि दोन सुट्यांत मिळून एकेक गोष्ट तपासली. जे दिसले तेच लिहितो.

ऑइलचा दाब, इंजिन पूर्ण गरम असताना : आयडलिंगला १.४ बार, ३,००० आरपीएमला ३.६ बार. फिल्टर कापून कागद उलगडला. काळे ऑइल आणि थोडा कार्बन, चकाकी कुठेही नाही.

मुद्रणातल्या दहा सेकंदांत साधारण १३० शेंडे मोजले, म्हणजे ठोका क्रँकच्या वेगाने पडतो आहे. पण सगळे शेंडे सारख्या उंचीचे नाहीत. मध्येच दोन-तीन मोठे, मग काही अगदी लहान, असा तो अनियमित आहे.

रेस १,५०० च्या वर नेली की ठोका पूर्ण नाहीसा होतो. २,५०० पर्यंत नेऊन पाय हळूहळू सैल केला, पाच-सहा वेळा केला, पण सावकाश_चालक यांनी वर्णन केलेली माळ एकदाही आली नाही.

चारही सिलिंडर एकेक करून बंद केले. कोणत्याही सिलिंडरला ठोका कमी झाला नाही. चारही वेळा इंजिन जास्त हलू लागले आणि ठोका चारही वेळा वाढला, हे मला सर्वांत कोड्यात टाकणारे वाटले.

शिकाऊ

मूळ प्रश्नाच्या मध्येच विचारतो, त्याबद्दल क्षमस्व. माझ्या गाडीत रात्रभर उभी राहिल्यावर चालू करताना दोन-तीन सेकंद खडखड येते आणि मग दिवसभर काहीच नाही. हेही बेअरिंगचे लक्षण आहे का?

टॅपेट

ते पहिल्यांदा ऑइल फिल्टरचे लक्षण समजून तपासा. फिल्टरमध्ये ऑइल परत खाली उतरू नये म्हणून रबराची एक झडप असते. ती कडक झाली किंवा चुकीच्या मापाचा फिल्टर बसवला, की रात्रभरात वरचे मार्ग रिकामे होतात आणि सकाळी ऑइल पोहोचेपर्यंत टायमिंग चेनचा टेन्शनर किंवा हायड्रॉलिक टॅपेट कोरडे वाजतात. योग्य फिल्टर आणि पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल घालून आठवडाभर पाहा. तरीही खडखड राहिली, तर चेन आणि टेन्शनर उघडून बघा. चेन एखादा दात सरकली तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. त्यामुळे हे लांबणीवर टाकू नका.

पानापेटी

धागाकर्त्यांनी फार नेटकी तपासणी केली आहे, त्यामुळे आता नीट बोलता येते. दाब उत्तम, फिल्टर स्वच्छ, पाय सैल केल्यावर माळ नाही आणि सिलिंडर बंद केल्यावर ठोका हलका होत नाही. बिग एंड वाजत असता, तर यांपैकी किमान एक-दोन गोष्टी उलट निघाल्या असत्या. वेग वाढल्यावर ठोका नाहीसा होणे हेही बिग एंडच्या स्वभावाशी जुळत नाही, तो वेगाबरोबर वाढत जातो.

तुम्हाला कोड्यात टाकणारी गोष्ट मला दिशा दाखवते. कोणताही सिलिंडर बंद केला तरी ठोका वाढतो, याचा अर्थ ठोका एखाद्या सिलिंडरशी बांधलेला नसून क्रँकच्या हिसक्यांशी बांधलेला आहे. आयडलिंगला क्रँक एकसारखा फिरत नाही. प्रत्येक ज्वलनाला थोडा पुढे उसळतो आणि पुढच्या दाबाला मंदावतो. सिलिंडर बंद केला की हे हिसके मोठे होतात, रेस वाढवली की फ्लायव्हीलच्या गतीत ते विरून जातात. मग क्रँकवर बसवलेले आणि सैल झालेले काहीतरी या हिशेबात बसते. मागच्या टोकाला फ्लायव्हील आणि क्लच, पुढच्या टोकाला क्रँक पुली.

मागचे टोक वगळण्यासाठी इंजिन गरम असताना क्लच पूर्ण दाबून ऐका. दाबल्यावर आवाज गेला तर गिअरबॉक्सच्या बाजूचा असू शकतो, दाबल्यावरच नवा आवाज आला तर रिलीज बेअरिंगचा. (क्लच दाबताना क्रँक पुढे ढकलला जातो, म्हणून त्याला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट बेअरिंग झिजले असेल तर ठोक्याचा पोतही बदलतो.)

मग इंजिन बंद करून फॅन बेल्ट काढा आणि इंजिन फक्त मिनिटभर चालवा, त्याहून जास्त नाही, कारण बेल्ट नसताना वॉटर पंप फिरत नाही. इंजिन थांबले की अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्या पुली हाताने फिरवून खरखर आणि ढिलाई पाहा. शेवटी क्रँक पुलीच्या तोंडावर, मधल्या हबपासून बाहेरच्या कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. बेल्ट पुन्हा चढवून दहा मिनिटे गाडी चालवून आणा आणि इंजिन बंद करून ती रेघ पाहा.

ही तपासणी करताना सैल बाही आणि गळ्यातले काही लोंबते ठेवू नका. विजेचा पंखा असेल तर तो इंजिन बंद असतानाही फिरू शकतो.

जुनीचारचाकी (धागाकर्ता)

क्लच दाबून काहीच फरक पडला नाही. बेल्ट काढल्यावर ठोका बराच हलका झाला, पण पूर्ण गेला नाही. अल्टरनेटर आणि पंप हाताला गुळगुळीत लागले. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला टेकवून ब्लॉकवर चार-पाच ठिकाणी ऐकले. पुढच्या टायमिंग कव्हरवर ठोका सर्वांत स्पष्ट होता, मागे गिअरबॉक्सकडे जवळजवळ नव्हता.

आणि रेघ तुटली! निघताना सरळ होती. परत आल्यावर हबवरचा तुकडा आणि कड्यावरचा तुकडा यांत सुमारे ३ मिलिमीटरचे अंतर पडले होते. टॉर्च मारून पाहिले तेव्हा दोन्हींच्या मधली रबराची पट्टी एका बाजूने फुगून बाहेर आलेली आणि दुसऱ्या बाजूने आत गेलेली दिसली, बोटाने दाबली तर तिचा भुगा होत होता. पुलीचे कडे दोन्ही हातांनी धरून हलवले तर पुढे-मागे बारीक हलते.

पानापेटी

तुमचा ठोका सापडला. बाहेरून ही पुली एकसंध दिसते, पण ती तीन भागांची असते : क्रँकवर बोल्टने घट्ट बसलेला हब, त्याभोवती रबराचा थर आणि त्यावर बेल्ट चढतो ते जड कडे. क्रँकला बसणारे पिळाचे कंप शोषून घेण्यासाठी ते रबर दिलेले असते. वय, उष्णता आणि पुढच्या सीलमधून झिरपणारे ऑइल यांनी ते सडते, चिकटलेली बाजू सुटते आणि कडे हबवर सरकू व आपटू लागते. थंडपणी उरलेले रबर कडक असते म्हणून आवाज कमी, गरम झाल्यावर मऊ पडते म्हणून जास्त. बेल्टचा ताण काढल्यावर ठोका हलका झाला, तेही याच्याशी जुळते.

आता पिकअपबद्दल, कारण मला वाटते ती तक्रारही याच पुलीची आहे. तुमच्या गाडीत टायमिंगची खूण पुलीच्या बाहेरच्या कड्यावर आहे का, ते पाहा. तसे असेल तर पुढचे सगळे समजते. बेल्ट कड्याला मागे ओढतो, त्यामुळे सुटलेले कडे फिरण्याच्या दिशेच्या उलट सरकते आणि त्यावरची खूण उशिरा येते. टायमिंग लाइट मारणाऱ्याला मग स्पार्क फारच आधी पडतो आहे असे दिसते, आणि तो प्रामाणिकपणे डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग मागे आणतो. प्रत्यक्षात टायमिंग आधी बरोबर होते आणि ते आता मागे गेलेले असते. स्पार्क उशिरा पडला की ज्वलन लांबते, जोर कमी होतो आणि पिस्टनला ढकलण्याऐवजी बरीच उष्णता हेडमध्ये आणि एक्झॉस्टमध्ये जाते. तुमचा वर चढलेला काटा बहुधा त्यामुळेच आहे.

खात्री करण्यासाठी पहिल्या सिलिंडरचा खरा वरचा बिंदू, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो ती क्रँकची जागा, शोधा. चारही प्लग काढा. पहिल्या प्लगच्या भोकात पिस्टन थांबवणारा स्टॉपर बसवा, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडे आधीच अडेल. क्रँक पान्याने हळूहळू एका दिशेने अडेपर्यंत फिरवा आणि टायमिंग कव्हरवरच्या खुणेसमोर हबवर रेघ करा. मग उलट दिशेने अडेपर्यंत फिरवून दुसरी रेघ करा. दोन्ही रेघांचा बरोबर मध्य हा खरा बिंदू. स्टार्टर मात्र चुकूनही मारू नका, पिस्टनला भोक पडेल.

जुनीचारचाकी (धागाकर्ता)

खूण बाहेरच्या कड्यावरच आहे. सांगितलेल्या पद्धतीने तीन वेळा खरा बिंदू काढला आणि तिन्ही वेळा एकच जागा आली. ती रेघ काटकोनाने कड्यावर नेली, तर कारखान्याची खूण तिच्यापासून १८ मिलिमीटर मागे होती. पुलीचा व्यास १५० मिलिमीटर आहे, म्हणजे कडेला एका अंशाला सुमारे १.३ मिलिमीटर पडतात आणि खूण जवळजवळ १४ अंश सरकली आहे. पुस्तकाप्रमाणे स्पार्क वरच्या बिंदूच्या १० अंश आधी हवा. लाइटवर १० अंश दाखवून सेट केल्यामुळे प्रत्यक्षात तो ४ अंश नंतर पडत होता. गाडी तशीही चालत राहिली याचेच आता आश्चर्य वाटते.

सावकाश_चालक

वाचून फार बरे वाटले. नवी पुली येईपर्यंत गाडी बाहेर काढू नका, एवढेच सांगतो. कडे पूर्ण सुटले तर बेल्ट निसटतो, त्याबरोबर वॉटर पंप आणि चार्जिंग दोन्ही बंद पडतात, आणि ते जड कडे रेडिएटरवर जाऊ शकते.

जुनीचारचाकी (धागाकर्ता)

पुली मिळायला तीन आठवडे लागले आणि तोपर्यंत गाडी जागेवरच होती. काल बसवली. जुनी उतरवताना बाहेरचे कडे हातात वेगळे आले, त्यासाठी ओढावेही लागले नाही. पुढच्या सीलमधून ऑइल पाझरत होते म्हणून तेही बदलले. पुलीचा सीलवर फिरणारा भाग नवाच असल्याने त्यावर चर नाही. नव्या पुलीची खूण खऱ्या बिंदूशी जुळते हे आधी तपासले, मग १० अंशांवर टायमिंग सेट केले. ट्यूनिंगच्या वेळी आयडलिंगचा स्क्रू बराच आत फिरवलेला होता, टायमिंग जागेवर आल्याबरोबर इंजिन ११०० च्या वर पळू लागले, म्हणून तो परत ८०० वर आणला.

आज ४० किलोमीटर चालवून आलो. ठोका नाही. तो चढ तिसऱ्या गिअरवर चढला आणि तापमानाचा काटा जुन्या जागी आहे. आता ठोका नसल्यामुळे वरून येणारी एक बारीक टिकटिक ऐकू येते, जी बहुधा आधीही असावी. टॅपेट यांनी सांगितल्याप्रमाणे इंजिन थंड असताना गॅप मोजले : तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचा ०.४० निघाला, पुस्तकात ०.२५ आहे. बाकीचे सात बरोबर आहेत.

टॅपेट

तो एकच सेट करा आणि लॉकनट आवळून झाल्यावर गॅप पुन्हा मोजा. आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. पुढच्या ५,००० किलोमीटरमध्ये तोच पुन्हा वाढला, तर तो रॉकर आणि कॅमचा तो लोब (उंचवटा) झिजला आहे का हे पाहावे लागेल.

पानापेटी

नव्या पुलीवरही हबपासून कड्यापर्यंत पांढरी रेघ आजच ओढून ठेवा. मधला बोल्ट पुस्तकात दिलेल्या टॉर्कनेच आवळला आहे ना, तेही एकदा टॉर्क पान्याने पाहून घ्या. तो सैल राहिला तर पुलीला क्रँकवर फिरू न देणाऱ्या चावीचा (लहान पट्टीचा) गाळा मोठा होतो आणि मग क्रँकचेच तोंड खराब होते. जुन्या पुलीचे दोन्ही भाग फेकू नका. ज्यांनी बेअरिंग गेल्याचे सांगितले, त्यांना ते हातात देऊन दाखवा. पुढच्या माणसाची गाडी त्यांच्याकडे येईल, तेव्हा ते आधी रेघ ओढून पाहतील.